चोपन्न डबे

राष्ट्रगीताला सगळे उभे राहिले तेव्हा मला दिसलं, की तीन रांगा पुढे, डाव्या हाताला, महामाया मॅडम उभ्या आहेत. आधी पाठ ओळखली, मग केसांच्या अंबाड्यात खोचलेला निळा पेन ओळखला. दोन तासांपूर्वी हाच पेन माझ्यासमोर कागदावर चालत होता. निघावं, हाच पहिला विचार. पण राष्ट्रगीत चालू असताना निघणार कसं? वीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस मी. राष्ट्रगीताला नुसती मान हलवली म्हणून पोरांना वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. तेव्हा हात मांड्यांना चिकटवून ताठ उभा राहिलो आणि मनात एकच घोकत राहिलो, की नांदेडात आज दुसरे चार सिनेमे चालू आहेत, मग या बाईंना हाच का सुचावा? राष्ट्रगीत संपलं, दिवे गेले, तोवर माझ्या रांगेच्या टोकाला पाच जणांचं एक कुटुंब डबे-पिशव्यांसकट येऊन बसलं होतं. त्यांना ओलांडून जायचं म्हणजे सगळ्या थेटराला तोंड दाखवत जायचं. मी खुर्चीत जेवढा खाली सरकता येईल तेवढा सरकलो आणि बसून राहिलो. सव्वीस वर्षांपूर्वीचा तो हिंदी सिनेमा, पुन्हा नव्यानं लावलेला, सुरू झाला. मध्यंतराच्या थोडं आधी त्यात एक प्रसंग येणार होता. तो प्रसंग मी महामाया मॅडमना माझ्या स्वतःच्या आयुष्यातला म्हणून सांगितलेला होता.

मी अमरेश. लातूरला एका खाजगी क्लासमध्ये प्राणिशास्त्र शिकवतो. लातूर म्हणजे गल्लीगल्लीत क्लास, आणि दर तिसऱ्या घरात डॉक्टर होऊ घातलेलं एक पोर. अशा गावात सरांनी मानसोपचाराच्या खोलीची पायरी चढली, तर संध्याकाळपर्यंत ती बातमी औशापर्यंत पोचते. म्हणून मी एक शनिवार सोडून एक शनिवार नांदेडला येतो. सकाळी सहाची एसटी, साडेनऊला नांदेड. क्लासमध्ये सांगून ठेवलंय, की दाताचे डॉक्टर नांदेडचे चांगले आहेत. फिजिक्स शिकवणारे मडिवाळप्पा सर दर वेळी विचारतात, "काय अमरेशराव, दात पाडायला जाऊन राहिले का बसवायला? सहा महिने झाले, बत्तीसच हायत न्हवं का तुमचे?" मीही हसतो. हसणं सोपं असतं. त्याला आतून काही लागत नाही. मॅडमकडं पंचेचाळीस मिनिटं बसायचं, मग परतीच्या एसटीला वेळ असतो म्हणून एखादा सिनेमा बघायचा, कुठलाही. खरं सांगायचं तर एसटीला वेळ नसता तरी बघितला असता. शेजारी माणसं बसलेली आहेत, त्यांच्या कोपराची ऊब लागते आहे, आणि कुणाशी काही बोलावं लागत नाही, अशी जागा मला थेटराशिवाय दुसरी माहीत नाही. घरी तर कोपरही नसतं. वर्षाराणी, माझी बायको, मुलीच्या शिक्षणासाठी पुण्याला गेली त्याला तीन वर्षं झाली. भांडण झालं नाही. झालं असतं तर चार नातेवाईक बसून मिटवता आलं असतं. आता रोज रात्री फोन येतो, गॅस आला का, गिझर दुरुस्त झाला का, आणि गिझर दुरुस्त झाल्यापासून तर बोलायला फारच थोडं राहिलं आहे.

पहिल्याच भेटीत मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. एक, की इथलं बोलणं इथंच राहील. दुसरी अशी, की "बाहेर कुठं आपली गाठ पडली तर मी ओळख दाखवणार नाही. त्याचं वाईट वाटून घ्यायचं नाही. तुम्हाला वाटलं तर तुम्ही दाखवा, मग मी बोलेन. ते तुमच्यावर." हे मला तेव्हा लई चमत्कारिक वाटलं. आमच्याकडं रस्त्यात ओळखीचा माणूस दिसला आणि बोलला नाही, तर दोन पिढ्या लक्षात ठेवतात. मग त्यांनी अंबाड्यातला पेन काढला आणि विचारलं, "तुमच्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा एक दिवस सांगा. लहानपणीचा असला तर बरं." मी आठवायला लागलो. काहीच येईना. चाकूरचं घर आलं, भुसार दुकान आलं, तुरीचा वास आला, पाठ्यपुस्तकाचे कागद आले, पण आनंद म्हणून वेगळा काढता येईल असा एकही दिवस येईना. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. आता मी पोरांना वर्षानुवर्षं काय शिकवतो? डॉक्टरकीच्या 'नीट' परीक्षेत चुकीच्या उत्तराचा एक गुण कापतात, तिथं सोडून द्या. पण बोर्डाच्या पेपरात प्रश्न कोरा ठेवायचा नाही, काही ना काही लिहा, वजा कुणी करत नाही. मॅडमच्या खोलीत निगेटिव्ह मार्किंग नाही, एवढं मी ताडलं आणि कॉलेजात असताना बघितलेल्या या सिनेमातली एक दुपार लिहून मोकळा झालो. सिनेमातला बाप घड्याळं दुरुस्त करतो. मी त्याला भुसार दुकान दिलं. बाकी सगळं जसंच्या तसं. ऐन बाजाराच्या दिवशी वडिलांनी दुकान बंद केलं, मला सायकलच्या दांडीवर बसवलं, लातूर रोड स्टेशनला नेलं. फलाटाच्या टोकाला दगडी बाकावर बसून आम्ही सीताफळं खाल्ली. मालगाडी आली. डबे मोजायची पैज लागली. वडील म्हणाले पंचावन्न, मी म्हणालो छप्पन, आणि वडील म्हणाले, तुझंच बरोबर, माझा एक सुटला असेल. चोरानं मोटारसायकल पळवली तर निदान नंबरप्लेट तरी बदलतो. मी छप्पनसुद्धा बदलले नाहीत.

गंमत पुढंच आहे. त्या खोट्या दुपारचा मला गुण आला. मॅडम म्हणाल्या, झोप येत नाही तेव्हा डोळे मिटा, त्या बाकावर जाऊन बसा आणि डबे मोजा. चार वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हापासून मी रात्री दोन-तीनच्या आधी झोपलेला नव्हतो. त्या रात्री एकतिसाव्या डब्यापर्यंत आठवतं, मग एकदम दूधवाल्याची घंटी. पुढं पंचविसावा डबा पुरे व्हायला लागला. आनंद म्हणजे काय, हे मी वर्गात फळ्यावर काढून दाखवतो. मेंदूत अमुक ठिकाणी अमुक द्रव्य पाझरतं, दोन गुणांचा प्रश्न. पण ते पाझरण्यासाठी खरंच काही घडलेलं असावं लागतं की नुसतं घडलं म्हटलं तरी भागतं, हे पुस्तकात दिलेलं नाही. मॅडमनी रोज तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या होत्या. मी लिहायचो: एक, चहा चांगला झाला, दोन, पंख्याचा आवाज बंद झाला, तीन, निरंक. त्या वाचून हसल्या आणि म्हणाल्या, "सर, ही उत्तरपत्रिका झाली. ती मालगाडीची दुपार बघा, तिथं तुम्ही खरे बोलता." खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण सांगणार कुणाला आणि कशासाठी? महिन्यातून दोनदा एक माणूस माझं बोलणं लिहून घेतो आहे, ते मी एका सिनेमापायी घालवू? आजच सकाळी त्या म्हणाल्या होत्या, की पुढच्या वेळी आपण त्या बाकावर बसून वडिलांशी बोलू; त्या दिवशी ते आणखी काय काय बोलले ते नीट आठवून या. भिंतीवर पोस्टर बघितलं तेव्हा मी त्यासाठीच आत शिरलो. गृहपाठ करायला. सिनेमातला बाप आणखी काय बोलतो ते बघून यायचं. आता मास्तरीणबाईच पुढच्या बाकावर येऊन बसल्या होत्या, आणि मी कॉपीसकट सापडणार होतो.

पडद्यावर त्या घड्याळवाल्याचं गाव आलं, सायकल आली. मी पडद्यापेक्षा तो निळा पेनच बघत होतो. मॅडम एकट्याच आल्या होत्या. शेजारची खुर्ची रिकामी, तिच्यावर पर्स. भोकरच्या आहेत, वडील रामकिशन गुरुजी शाळेत होते, एवढं एकदा बोलण्याच्या ओघात कळलं होतं. बाकी ही बाई शनिवारी दुपारी एकटी सिनेमाला का येते, हे विचारायची माझी प्राज्ञा नाही. तासातासाला एकेकाचं दुःख ऐकून झालं, की तिलाही असल्या अंधारात बसावंसं वाटत असेल. क्षणभर मला बरंही वाटलं, की आम्ही दोघं एकाच कारणासाठी इथं आहोत. मग पुढचं ध्यानात आलं. अर्ध्या तासात तिला कळणार होतं, की अमरेश सरांचे बसलिंगप्पा अण्णा हे दुसऱ्याच कुणी लिहिलेले आहेत.

माझे बसलिंगप्पा अण्णा, म्हणजे माझे वडील, दुकान बंद करणारे नव्हते. माझ्या जन्माच्या दिवशीही ते उघडं होतं, असं आई सांगायची. पहाटे आंघोळ करून, कपाळावर भस्म ओढून, ते गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घ्यायचे आणि वीस मिनिटं त्याच्याकडं बघत बसायचे. मी दाराच्या चौकटीला टेकून ते बघायचो. चूळ भरायचीही चोरी, आवाज होईल म्हणून. माणूस एवढं टक लावून कशाकडं बघू शकतो, याचंच मला नवल वाटायचं आणि त्या लिंगाचा थोडा हेवाही वाटायचा. मग ते उठायचे, शटर वर जायचं, आणि नंतर दिवसभर त्यांची नजर तराजूच्या काट्यावर. ते गेले तेव्हा आमच्या लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्यांना बसवून मूठमाती दिली. खड्ड्यात मांडी घालून बसलेले अण्णा, डाव्या तळहातावर लिंग. सगळे रडत होते. भाऊ अमरनाथ तर कोसळलाच. मी काठावर उभा होतो आणि माझ्या मनात येत होतं, की आता ते कायमचे तिकडंच बघत बसणार. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. त्या रात्रीपासून झोप गेली. सकाळी येताना एसटी चाकूरला दहा मिनिटं थांबते. दुकानाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. मी खाली उतरत नाही. खिडकीची काच ओढून घेतो.

आणि तो बाक आला. दगडी, फलाटाच्या टोकाला. सीताफळाचं टोपलं आलं, बी थुंकायची शर्यत झाली. मॅडमची मान जराशी ताठ झाल्यासारखी वाटली, की मलाच तसं वाटलं कोण जाणे. लांब शिट्टी झाली. तो सिनेमा काढणारा गडी कोण असेल तो असो, त्यानं कुठंही न कापता अख्खी मालगाडी पडद्यावरून जाऊ दिलेली आहे. इंजिन गेलं. पहिला डबा आला आणि माझ्या तोंडून, ओठांतल्या ओठांत, शब्द आला: "लाभ." मी दचकलो. रात्री अंथरुणात मी एक, दोन, तीन असे मोजतो. हे लाभ कुठून आलं? दुसरा डबा आला. दोन. तीन. चार. आमच्या भुसार दुकानात धान्य मोजताना पहिल्या मापाला कधी एक म्हणायचे नाहीत. लाभ म्हणायचे, लाभ, दोन, तीन, म्हणजे सुरुवातच बरकतीनं होते. अण्णांचा आवाज असायचा, नाकातून येणारा, हेल काढत जाणारा, पोती थप्पीला लागेपर्यंत न तुटणारा. तो आवाज आता माझ्या कानात होता, पण चाकूरच्या दुकानातला नव्हता. अंधारातला होता. माझ्या उजव्या कानाशी होता. अठरा. एकोणीस. मी मोजणं थांबवू शकत नव्हतो, कारण ते मी मोजतच नव्हतो. बावन्न. त्रेपन्न. चोपन्न. मग गार्डाचा डबा गेला, आणि पडद्यावरचं पोरगं उड्या मारत ओरडलं, छप्पन! बाप म्हणाला, तुझंच बरोबर. तीन रांगा पुढे महामाया मॅडमचा हात वर गेला आणि अंबाड्यातल्या पेनावर जाऊन थांबला. पेन त्यांनी काढला नाही. हात तिथंच राहिला. मी पकडलो गेलो होतो, आणि त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही.

कारण मला आठवलं होतं, हा सिनेमा मी कुणाबरोबर बघितला ते. नांदेडला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होतो. अण्णा हरभऱ्याचा ट्रक घेऊन मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आले होते. हमालांचं काही बिनसलं, गाडी खाली व्हायला संध्याकाळ होणार होती. ते वसतिगृहावर आले. धोतर, टोपी, भस्माचे पट्टे. "येळ हाय माझ्याकडं," ते दारातूनच म्हणाले. "चल, कुठं तरी बसू दोघं." हे वाक्य त्यांनी जन्मात एकदाच म्हटलं असेल. आम्हाला दोघांना कुठं बसतात हे माहीत नव्हतं, म्हणून सिनेमाला बसलो. मालगाडी आली आणि अण्णांनी सवयीनं, मोठ्यानं, सुरू केलं: लाभ, दोन, तीन. मागची पोरं खिदळायला लागली. एकानं 'लाभ, लाभ' म्हणून नक्कल केली. माझे कान तापले. पोरगं छप्पन म्हणाल्यावर तर अण्णा सगळ्या थेटराला ऐकू जाईल असं बोलले, "छप्पन न्हाईत, चोपन हायत. खोटं मोजून पोराला खूश करायलाय." मध्यंतर झालं. ते थंडा आणायला गेले. खिदळणाऱ्यांत माझा वर्गमित्र प्रीतम होता, तो पुढं आला आणि म्हणाला, "कोण रे त्यो? लाभवाला?" मी म्हणालो, "गावाकडचे हायत. ओळखीचे." मागं वळलो तर अण्णा उभे होते. दोन्ही हातांत दोन बाटल्या, बाटल्यांत नळ्या. किती वेळ उभे होते माहीत नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं. गिऱ्हाइकाशी बोलताना असायचा तसाच चेहरा. एक बाटली माझ्यापुढं धरून ते म्हणाले, "घ्या. आन ही तुमच्या दोस्ताला द्या. मी निघतो आता, गाडी खाली झाली असंल." घ्या. तुमच्या. पोटच्या पोराला अहोजाहो करून त्या माणसानं माझी लाज राखली. गाडी खाली झालेली नव्हती. ते तीन तास मोंढ्यात ट्रकच्या सावलीला बसून होते, हे मला महिन्यानंतर ड्रायव्हरकडून कळलं. या गोष्टीवर अण्णा पुढं बावीस वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. मीही बोललो नाही. नंतर तो दिवस मी कुठं ठेवला ते मलाच सापडेनासं झालं. त्या जागी पडद्यावरचा बाप आणून बसवला.

दिवे लागले. माझा चेहरा ओला होता; पुसावासा वाटला नाही. टोकाच्या कुटुंबातली आजी माझ्याकडं बघून सुनेला म्हणाली, "लई मायाळू मानूस दिसतंय." मी त्यांना ओलांडून बाहेर आलो. जिना समोरच होता. खाली गेलं, की रिक्षा, बसस्थानक, पाचची एसटी. पुढच्या शनिवारी मॅडमना फोन करून सांगायचं, आता येत नाही, आणि क्लासमध्ये सांगायचं, दात बरा झाला. लातुरात कुणाला काही कळणार नव्हतं. मॅडम पॉपकॉर्नच्या काउंटरपाशी पाठ भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी मला बघितलं. नजर माझ्यावर आली, अर्धा क्षण थांबली आणि पुढं सरकली, पोस्टरकडं गेली. बोलल्याप्रमाणं त्यांनी ओळख दाखवली नाही. मला त्यांचा राग आला नाही. उलट वाटलं, किती कष्ट पडत असतील असं वागायला. अण्णांना पडले असतील तेवढे. मी जिन्याकडं दोन पावलं गेलोही. मग ते 'घ्या' आठवलं, आणि पाय वळले.

"नमस्कार मॅडम," मी म्हणालो. आवाज चिरकला. त्यांनी पोस्टरवरची नजर काढून माझ्याकडं बघितलं. "नमस्कार सर," म्हणाल्या, आणि थांबल्या. पंचेचाळीस मिनिटांत ज्या शांतपणे थांबतात तशाच.

"ती दुपार माझी नव्हती. तुम्ही आत बघितलीत तीच."

"हाव," त्या म्हणाल्या. ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं की वाईट वाटणं होतं, सांगता येणार नाही. "बघितली."

"पण डबे छप्पन न्हाईत, मॅडम. चोपन हायत."

मी चाकूरच्या बोलीत बोललो, हे बोलून झाल्यावर लक्षात आलं. वीस वर्षं क्लासमध्ये ती बोली मी तोंडाला लावलेली नव्हती. मध्यंतर संपल्याची घंटा झाली. माणसं आत जायला लागली, कुणाचं तरी पॉपकॉर्न सांडलं. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी अंबाड्यातला पेन काढला, पण लिहायला काही नव्हतं म्हणून नुसताच हातात धरला.

"कुणी मोजले?" त्यांनी विचारलं.

"माझ्या वडलांनी," मी म्हणालो, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. रांगेतली दोन पोरं माझ्याकडं वळून बघायला लागली. बघू दे.